वारा बघून ठरलेलं कॅलिबर: कायोटीच्या स्पर्धेआधीचे सतरा महिने

१५ ऑगस्ट २०२३. दहिवडीला घरचे झेंडावंदन उरकून जिलेबी खात होते, त्याच दिवशी इकडे टेक्सासात नव्या वर्षाच्या शिकारी परवान्यांची विक्री सुरू झाली. परवान्याचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असतं आणि विक्री पंधरा दिवस आधी उघडते. ॲबिलीनमधल्या एका दुकानात मी रांगेत उभी राहिले. राज्यात सलग सहा महिन्यांहून जास्त काळ राहत असल्यामुळे रहिवाशांचा साधा परवाना २५ डॉलरमध्ये मिळाला. त्याआधी आठवडाभर रोज रात्री तासभर बसून हंटर एज्युकेशनचा ऑनलाइन कोर्स केला होता. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते प्रमाणपत्र लागतं, आणि सतरा वर्षांवरच्यांना तो कोर्स पूर्ण घरबसल्या करता येतो. कंटाळवाणा वाटला तरी घाईने क्लिक करत पुढे जाऊ नका. कुंपण ओलांडताना रायफल कुणाच्या हातात द्यायची, गोळी लागली नाही तर ती कुठे जाऊन पडेल, हे मी तिथेच नीट शिकले.

मी या भानगडीत पडले कशी, ते सांगते. मी नोलन काउंटीत पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करते. कामाची सुरुवात साताऱ्याजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर झाली, तिथून फिरत फिरत इथे आले. आमच्या काही पवनचक्क्या एका म्हाताऱ्या रँचवाल्यांच्या जमिनीवर आहेत. त्यांच्याकडे बोअर शेळ्या आणि थोड्या मेंढ्या. त्या वसंतात करडं जन्मायला लागली तशी रोज सकाळी कायोटीने, म्हणजे इथल्या कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातल्या रानटी जनावराने, अर्धवट खाल्लेलं एखादं सापडायचं. मी धनगराच्या घरातली. वाड्यावर लांडगा आला की आजोबा घोंगडं फेकून काठी घेऊन उठायचे, आणि सकाळी कमी झालेली मेंढरं मोजताना कुणाशी बोलायचे नाहीत. रँचवाले आजोबाही तसेच गप्प राहून मोजत होते. ते मी पाहिलं.

त्याच सुमारास माझ्या कामावरच्या सहकाऱ्याला स्पर्धेसाठी जोडीदार हवा होता. दर जानेवारीत पश्चिम टेक्सासात दोघादोघांच्या टीमच्या कायोटी स्पर्धा होतात, ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त कायोटी मारायच्या. मी कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवली होती, एवढीच माझी पुंजी. होकार दिला, पण आधी दोन रात्री विचार केला. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोराडो, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क अशा बऱ्याच राज्यांनी या स्पर्धांवर बंदी आणली आहे, आणि विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. मी स्वतःपुरती अट घातली: ज्यांची जनावरं खरोखर मरतात त्यांच्याच जमिनीवर बसायचं, आणि कायोटी जागेवर पडेल अशी खात्री असेल तरच चाप ओढायचा. पुढचं सगळं या दुसऱ्या अटीतून आलं.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर कुठलं कॅलिबर, म्हणजे कुठल्या मापाचं काडतूस घ्यायचं, त्याचे तक्ते वाचण्यात गेले. .२२३ रेमिंग्टन: ५५ ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), सेकंदाला ३,२४० फूट, धक्का जवळजवळ नाही, काडतूस सगळ्यात स्वस्त आणि कुठल्याही गावात मिळणारं. .२०४ रुगर, २००४ सालचं: ३२ ग्रेनची चिमुकली गोळी, पण वेग ४,२२५. .२२-२५० रेमिंग्टन, ज्याला इथले लोक नुसतं 'टू-फिफ्टी' म्हणतात: जुन्या .२५० सॅव्हेजच्या काडतुसाची मान आवळून हौशी लोकांनी घरी बनवलेलं. कारखान्यात ते १९६५ साली आलं. तीच ५५ ग्रेनची गोळी, पण ३,६८० फूट. .२४३ विंचेस्टर, १९५५ सालचं, .३०८ च्या पोटातून निघालेलं: हलकी ५८ ग्रेनची गोळी ३,९०० च्या पुढे, आणि जड गोळी घेतली तर हरणालाही चालतं. शिवाय ६ एमएम क्रीडमोर, ६ एमएम एआरसी. प्रत्येकाचे कैवारी वेगळे, आणि प्रत्येक जण आपल्या रायफलचा सगळ्यात चांगला दिवस सांगतो.

मी तेव्हा एनर्जीच्या, म्हणजे गोळीच्या ताकदीच्या, रकान्याकडे बघत होते. .२२३ ला नळीच्या तोंडाशी सुमारे १,२८० फूट-पाउंड, टू-फिफ्टीला १,६५०, .२४३ ला जवळजवळ २,०००. वाटलं, आकडा मोठा तेवढं बरं. पण कायोटी आपल्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून बराच लहान. इथला मोठा नर पंधरा किलोच्या आसपास भरतो. लांब केसांमुळे भरलेला दिसतो, आत शरीर किरकोळ असतं. यातली कुठलीही गोळी छातीत बसली तर पुरेशी आहे. प्रश्न ती छातीत बसण्याचा आहे, आणि ती जागा जेमतेम सहा इंचांची.

हे मला ११ नोव्हेंबर २०२३ ला कळलं. सहकाऱ्याची .२२३ घेऊन रँचवर बसले होते. कायोटीला बोलवायला ई-कॉलरवर (जनावरांचे आवाज काढणाऱ्या यंत्रावर) सशाचा आक्रोश लावून नऊ-दहा मिनिटं झाली असतील. कायोटी समोरून धावत आला आणि वास घ्यायला वाऱ्याच्या खालच्या बाजूला वळला. ते नेहमीच वळतात, म्हणून बसताना वारा आडवा लागेल असं बसायचं. तो २६० यार्डांवर थांबला. वारा ताशी १८ मैल होता. वारा हे माझं पोट आहे, दिवसभर मी वाऱ्याचेच आकडे बघते, म्हणून मी निर्धास्त होते. नेम चार इंच वाऱ्याच्या बाजूला धरून चाप ओढला. त्या गोळीला त्या अंतरावर चौदा इंचांच्या आसपास धरायला हवं होतं. गोळी मागच्या मांडीत लागली.

आम्ही दोन तास त्याच्या मागावर होतो. इथलं मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचीच बहीण, काटे तेच, वास तोच. खाली कॅलिचीच्या पांढऱ्या मातीवर वाटाण्याएवढे रक्ताचे थेंब, दर दहा-बारा पावलांवर एक, मग वीस पावलांवर एक. एका ठिकाणी तो बसला होता, तिथे गवत चेपलं होतं आणि केस चिकटले होते. दिवस मावळायच्या बेतात तो एका ओहळात सापडला. बसल्या बसल्या माझ्याकडे बघत होता. सहकाऱ्याने विचारलं, मी करू का? नाही म्हटलं. ज्याने जखमी केलं त्यानेच संपवायचं.

पुढे दीडशे फुटांवर शेजारच्या रँचचं कुंपण होतं. तो ते ओलांडून गेला असता तर मालकाच्या परवानगीशिवाय आम्हाला मागे जाता आलं नसतं. टेक्सासात जखमी जनावरासाठीसुद्धा परक्या जमिनीत शिरणं गुन्हा आहे, आणि इथे जवळजवळ सगळी जमीन खाजगी. स्पर्धेतही जो कायोटी हातात नाही तो मोजत नाहीत. त्या रात्री मी एनर्जीचा रकाना सोडला आणि वाऱ्याने गोळी किती सरकते तो रकाना काढून बसले. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी सुमारे ११ इंच सरकते, टू-फिफ्टीची तीच गोळी ९ इंच. दोनच इंचांचा फरक. पण इथला वारा दहावर थांबत नाही. विसाला तो फरक चार इंच होतो, आणि मला मिळालेली जागा सहाच इंचांची.

१३ जानेवारी २०२४, शनिवार. एका दुकानात जुनी बोल्ट ॲक्शन .२२-२५० मिळाली, ६२५ डॉलर, टॅक्स धरून ६७६. इथून कागदपत्रं. बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरावा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर त्यावरचा नऊ आकडी ए-नंबर लिहायचा. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता चालू असायला हवा. माझा जुना होता, म्हणून गाडीचं रजिस्ट्रेशन दाखवलं, ते सरकारी कागद म्हणून चाललं. एच-वन-बी असलेल्यांनी खास लक्ष द्या: व्हिसावर असताना बंदूक घेणं किंवा बाळगणं एरवी बेकायदा आहे, पण अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असला की अपवाद लागू होतो. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. प्रत जवळ ठेवा, तारीख विसरू नका. मित्राला हवी म्हणून स्वतःच्या नावावर घेणं हा गंभीर गुन्हा आहे. आणि एकही उत्तर अंदाजाने लिहू नका, खाली सही आपली असते.

दुकानदाराने एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासणीला माहिती पाठवली. उत्तर आलं 'डिलेड', म्हणजे निर्णय लांबला. पोटात गोळा आला. मागे उभी असलेली माणसं माझ्याकडे बघताहेत असं उगाच वाटलं. खरं तर हे नकारासारखं नसतं. नावात साम्य असलं, परदेशी जन्माची नोंद जुळवायची असली की होतं. कामकाजाचे तीन दिवस उलटेपर्यंत उत्तर आलं नाही तर दुकानदार कायद्याने बंदूक देऊ शकतो, पण काही दुकानं स्पष्ट होकाराशिवाय देत नाहीत, तेव्हा आधीच विचारून घ्या. सोमवार १५ तारखेला मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी, म्हणजे मोजायचे मंगळ, बुध, गुरू, आणि हातात शुक्रवारी १९ ला. मी रोज फोन करत होते. गुरुवारी संध्याकाळी होकार आला. ज्यांचं दर वेळी असं अडतं त्यांना एफबीआयकडे अर्ज करून एक कायमचा नंबर मिळतो, यूपीआयएन म्हणतात. त्याला पैसे पडत नाहीत. मी तो अर्ज लगेच केला.

रायफल घरी आली आणि मी पुन्हा शहाणपणा केला. वाऱ्यात जड, लांबट गोळी कमी सरकते हे वाचून झालं होतं, म्हणून सहकाऱ्याने हाताने भरलेली ७५ ग्रेनची वीस काडतुसं घेतली आणि फेब्रुवारीच्या एका शांत सकाळी रेंजवर गेले. शंभर यार्ड, बाकावर वाळूची पिशवी, कागदी टार्गेट. पाच गोळ्या झाडल्या. कागदावर तीनच भोकं, ती वीतभर अंतरावर विखुरलेली. जवळ जाऊन पाहिलं तर एकही गोल नाही. एक कुलपाच्या भोकासारखं, एक तर गोळीची पूर्ण बाजू कागदावर छापल्यासारखं: पुढे टोक, मागे चपटं बूड, कडेला शिशाची करडी रेघ. गोळ्या आडव्या पडून कागदात घुसल्या होत्या.

कारण नळीच्या आट्यांत, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पीळदार खाचांत, होतं. जुन्या टू-फिफ्टींच्या नळीत आटे १४ इंचांत एक फेरा घेतात. तेवढा फिरका ५५ ग्रेनच्या आखूड गोळीला पुरतो. लांब गोळीला जास्त जोरात फिरवावं लागतं, आठ-नऊ इंचांत एक फेरा, नाहीतर ती हवेत कोलमडते. नवीन रायफली घेताना नळीवर किंवा कागदावर हा आकडा बघा. जुनीवर लिहिलेला नसतो. पण तो घरी मोजता येतो. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा, बोल्ट काढा. साफ करायच्या फिरत्या दांड्याला घट्ट चिंधी लावून ती नळीत थोडी आत ढकला, दांड्यावर चिकटपट्टीची खूण करा, आणि खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत किती इंच आत गेली ते मोजा. माझी सव्वातेरा ते चौदाच्या मध्ये कुठेतरी आली. हे पाच मिनिटांचं काम दुकानातच करायला हवं होतं.

आता तीन वाटा होत्या. नवी नळी बसवणं: बंदुका दुरुस्त करणाऱ्याने सातशे डॉलर आणि पाच महिने सांगितले. नवीन काहीतरी घेणं: त्याच वर्षी .२२ एआरसी नावाचं काडतूस बाजारात आलं होतं आणि त्याची ७५ ग्रेनची गोळी वाऱ्यात फार कमी सरकते, पण आणखी हजारभर डॉलर घालायची माझी तयारी नव्हती. किंवा आहे त्या नळीला जे पचतं तेच खायला घालून अंतराची मर्यादा पाळणं.

मध्ये मार्चमध्ये सहकाऱ्याची .२४३ वापरून पाहिली. ताकदीत काही कमी नाही. पण चाप ओढला की धक्क्याने स्कोपमधलं, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतलं, चित्र उडायचं, आणि गोळी लागली का, जनावर कुठे गेलं, हे मला शेजाऱ्याला विचारावं लागायचं. कायोटी पुष्कळदा जोडीने येतात. पहिला पडला की दुसरा क्षणभर घुटमळतो, तेवढ्यातच दुसरी गोळी जायला हवी. माझी चण लहान आहे, आणि तो धक्का कमी व्हावा म्हणून जड रायफल घेऊन दिवसभर डोंगर चढायचा नाही मला. साडेपाच फुटी पुरुषाने .२४३ घेतली तर मी त्याला चूक म्हणणार नाही. माझ्यासाठी ती नव्हती.

म्हणून टू-फिफ्टी ठेवली, ५५ ग्रेनच्या गोळीसह. २०० यार्डांवर झीरो केली, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवला. मग २५० वर गोळी दोनच इंच खाली जाते, म्हणजे वरखालीचा विचारच डोक्यातून जातो आणि सगळं लक्ष वाऱ्यावर राहतं. स्वतःला मर्यादा घालून घेतली: वारा दहाच्या आत तर २५० यार्ड, विसाच्या आसपास तर १५०, त्यापुढे नाही.

सरावाचं गणित वेगळंच निघालं. टू-फिफ्टीच्या वीस काडतुसांचा डबा मला ३८ डॉलरला पडतो, आणि ही नळी लवकर तापते, तापल्यावर झाडत राहिलं तर झिजतेही लवकर. म्हणून उन्हाळाभर मी .२२ लाँग रायफलने सराव केला, एनसीसीतलीच ओळख. दहा सेंटला एक गोळी. ताशी १० मैल वाऱ्यात ती शंभर यार्डांवरच साधारण चार इंच सरकते, म्हणजे वारा शिकवायला तिच्याइतका स्वस्त मास्तर नाही. खिशात वारा मोजायचा छोटा ॲनिमोमीटर ठेवला. कामावर मी ऐंशी मीटर उंचीवरचा वारा वाचते, पण गवताच्या उंचीवरचा वारा निराळाच वागतो. टेकडीच्या आड तो निम्मा होतो, ओहळाच्या तोंडाशी दुप्पट. एक वही केली: तारीख, वारा, अंतर, किती धरलं, कुठे लागली. ऑगस्टअखेर वहीत अकराशेच्या वर नोंदी होत्या. सगळं तिपाईवरून, बसून. बाकावरच्या सरावाचा शिकारीत फारसा उपयोग होत नाही. आणि कान सांभाळा. टू-फिफ्टीचा आवाज कर्कश असतो, मी रेंजवर बोळे आणि वरून इअरमफ दोन्ही लावते.

स्पर्धा १७ आणि १८ जानेवारी २०२५ ला होती. प्रवेश फी माणशी १०० डॉलर. शुक्रवारी दुपारी नियम वाचून दाखवले. आदल्या दिवशी मारलेलं जनावर कुणी आणू नये म्हणून प्रत्येक टीमला क्रमांक घातलेले लाकडी ठोकळे दिले. कायोटी पडल्या पडल्या जबड्यात ठोकळा घालून तोंड बांधायचं. जबडा आखडल्यावर तो आत जात नाही. जिंकणाऱ्यांची पॉलिग्राफ चाचणी होते, तशी सही आधीच घेतात.

रँचवाल्या आजोबांनी फाटकाची चावी दिली आणि फक्त एवढंच म्हणाले, "दक्षिणेकडच्या पाण्याच्या टाकीपाशी शेळ्या आहेत, तिकडे तोंड करून बसू नको." मी "येस सर" म्हटलं.

शनिवारी उजाडताना पहिला आला, १४० यार्ड, वारा १२. दीड इंच धरलं. तो उभ्या जागी खाली बसला आणि हलला नाही. स्कोपमधून मी ते सगळं बघितलं, कुणाला विचारावं लागलं नाही. नऊच्या सुमाराला जोडी आली. मादी ९० वर पडली, दुसरा पळाला, सहकाऱ्याने कुईं-कुईं आवाज लावला तसा तो थबकला, तो त्याने घेतला. दुपारी वारा चढला. तीन जागा बदलल्या, काही नाही.

चार वाजता शेवटच्या जागी एक मोठा नर टेकाडावर येऊन बसला. ३२० यार्ड, वारा १९. पुढे यायला तयार नव्हता. सहकारी कुजबुजला, "तुझा आहे." मी स्कोपमधून त्याच्या मानेवरचे केस वाऱ्याने उलटे होताना बघत होते. मागे शंभर पावलांवर कुंपणाचे खांब दिसत होते. अंगठा सेफ्टीवर होता, तो तिथेच राहिला. पाचेक मिनिटांनी तो उठला आणि चालत कुंपणाखालून निघून गेला.

तीन कायोटींवर आमचा क्रमांक लागला नाही. पहिल्या टीमकडे नऊ होते. रविवारी रायफल साफ केली. माझी दोन काडतुसं खर्च झाली होती, डब्यात अठरा उरली. वहीत शनिवारच्या तीन ओळी लिहिल्या: १४० यार्ड, वारा १२, छातीत. ९० यार्ड, वारा ११, छातीत. ३२० यार्ड, वारा १९, सोडला.